दुपारपर्यंतचा आवाज

मैना हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती गळक्या नळाची, शेजारच्या काकांच्या खोकल्याची आणि वर्गातल्या बाईंच्या रागावण्याची अशी हुबेहूब नक्कल करायची की घरच्यांनी तिला मैना म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव कायमचं चिकटलं. पुढे त्याच गुणावर तिचं पोट चाललं. परदेशी कार्टूनं आपल्या भाषेत यायची, तेव्हा त्यातल्या बेडकांना, चेटकिणींना आणि हट्टी राजकन्यांना ती आवाज द्यायची. गावातल्या निम्म्या लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' म्हणणारी बाईसुद्धा तीच. पण आवाजाला चेहरा नसतो. सिनेमा संपल्यावर नावं पळतात, त्यात आवाज देणाऱ्यांना कुणी जागा ठेवत नाही. रस्त्यात तिला कुणी ओळखायचं नाही आणि तिचंही त्यावाचून काही अडत नव्हतं.

सगळं सुरू झालं ते एका बेडकापासून. सकाळी टुणटुणीत असलेला तिचा बेडूक संध्याकाळच्या रेकॉर्डिंगला नाकात बोलायला लागला. काचेपलीकडे बसणाऱ्या साऊंडवाल्याला वाटलं, सर्दी असेल. पण सर्दी रोज दुपारनंतर येत नाही आणि सकाळी जात नाही. मग डावी पापणी उतरायला लागली. मग पाव चावता चावता जबडा दमायला लागला. एका डॉक्टरने थकवा सांगितला, दुसऱ्याने 'घरी काही ताण आहे का' म्हणून विचारलं, तिसऱ्याने टॉनिक दिलं. शेवटी एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी तिला छताकडे एकटक बघायला लावलं. बघता बघता मैनाची पापणी दुकानाच्या शटरसारखी खाली आली आणि बाई हळूच म्हणाल्या, "सापडलं."

मायस्थेनिया. नावच असं की सांगायलाही दम लागावा. नसांनी धाडलेला निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. विश्रांती घेतली की स्नायू ताजे, वापरले की ढेपाळतात. पूर्ण जात नाही, गोळ्यांनी आटोक्यात राहतं.

रेकॉर्डिंगं बहुतेक संध्याकाळची. मैनाची कामं एकेक करून गेली. घरी बसून वेड लागायची वेळ आली, तेव्हा तिने मोबाईलवर एक छोटं चॅनल काढलं. सकाळी आवाज ताजा असताना मुलांना गोष्ट सांगायची, सगळ्या पात्रांचे आवाज काढायचे आणि शेवटी आपल्या दुखण्याबद्दल दोन शब्द बोलायचे, एवढाच कार्यक्रम. लोक जमायला लागले. तिच्यासारखंच दुखणं असलेली एकदोन माणसं तर रोज 'आज पापणी कशी आहे?' म्हणून विचारायची.

मग 'उघडं पितळ' आलं.

हे लोकांची खोटी सोंगं उघडी पाडणारं पेज होतं आणि खरं सांगायचं तर ते काम चांगलं करायचं. त्याआधी त्यांनी एका मुलीला पकडलं होतं. आपल्याला लाखात एखाद्याला होणारा रोग झालाय आणि परदेशी सिनेमातली भूमिका हातातून जातेय, असं ती रडून सांगायची आणि लोक मदत पाठवायचे. तिची दवाखान्यातली खाट फर्निचरच्या दुकानातली निघाली. फोटो मोठा करून बघितला, तर खाटेच्या पायाला किमतीची चिठ्ठी लटकत होती. त्या मुलीसाठी मैनाही हळहळली होती. तेव्हापासून लोक दुधाने तोंड पोळल्यासारखे ताकही फुंकून प्यायला लागले होते आणि पेज चालवणारा पितळवाला पुढचं सोंग शोधत होता. त्याला मैना सापडली.

'दुर्मिळ आजार आणि न दिसणारी अभिनेत्री' असं त्याच्या व्हिडिओचं नाव होतं. ही बाई शेकडो कार्टूनांत काम केलं म्हणते, मग तिचं नाव एकाही सिनेमाखाली का नाही? परवा म्हणाली घास गिळवत नाही, काल सफरचंद खाताना दिसते, ती कशी? आणि हे हसू बघा, असं म्हणून त्याने तिचा चेहरा पडदाभर मोठा केला होता. दुखण्यामुळे मैना हसली की ओठांचे कोपरे वर जात नसत. ओठाचा मधलाच भाग उचलला जाई आणि कुणाची तरी कुचेष्टा केल्यासारखं दिसे. 'आपण फसलो, म्हणून ती हसतेय,' पितळवाला म्हणत होता.

मग काय, बघायलाच नको. पापणीची विचारपूस करणारेसुद्धा एका रात्रीत पांगले. जे उरले ते शिव्या द्यायला. मैनाचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, स्वभावाने गाय. तोसुद्धा कमेंट वाचून लाल व्हायचा आणि एकेकाला उत्तर देत बसायचा. मैनाने शेवटी त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

अशात एका सकाळी तिची नणंद बॅग घेऊन दारात उभी राहिली.

वन्संचा उभा जन्म विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करण्यात गेला होता. मोडलेला हात खरंच मोडलाय का, दुखणारी पाठ बागेत खड्डे खणते का, हे बघायला त्या स्वतः जायच्या. ऑफिसात त्यांना तोंडावर मॅडम आणि माघारी 'भिंग' म्हणत.

"चहा नंतर," खुर्चीत टेकत वन्सं म्हणाल्या. "आधी एक सांगते. राग येईल तुला."

"सांगा, वन्सं."

"मलाही शंका होती."

"ताई!" नवरा ओरडला.

"ओरडू नकोस. पोटात एक आणि ओठावर एक मला जमत नाही. मागे आले होते, तेव्हा सकाळी ही तोंडाचा पट्टा सोडून बोलत होती आणि संध्याकाळी भांडी माझ्यावर टाकून झोपायला गेली. म्हटलं, बरं आहे हो दुखणं! काम निघालं की येतं."

मैनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मग आता कशाला आलात?"

"शंका घेऊन जगायला मला आवडत नाही म्हणून. तो पितळवाला खुर्चीत बसून निकाल देतो. मी बघून देते. मला इथे राहू दे."

"आणि खोटी ठरले तर?"

"तर मीच जगाला सांगेन. खरी ठरलीस, तर तेही मीच सांगेन."

मैनाने डोळे पुसले. एवढ्या दिवसांत कुणीतरी समोर बसून विचारलं होतं. "राहा," ती म्हणाली. "पण चहा पिऊन घ्या, गार होतोय."

वन्सं राहिल्या. त्यांनी प्रश्न विचारले नाहीत की तपासणीचा आव आणला नाही. भाजी चिरली, भावाच्या शर्टाची बटणं लावली आणि बघत राहिल्या. एका दुपारी त्या आतल्या खोलीत निवांत झोपल्या आहेत असं समजून मैना एकटीच जेवायला बसली. वन्सं पाणी प्यायला उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या. मैनाची पाठ अर्धी त्यांच्याकडे होती. तिने एका हाताने हनुवटी खालून धरली होती आणि तोंडातला घास चावून व्हावा म्हणून ती हातानेच जबडा वर ढकलत होती. ढकलायची, थांबायची, पुन्हा ढकलायची. मऊ भाताचा एक घास आणि त्याला एवढे कष्ट! तेही मुकाट्याने, पुढच्या घासाकडे बघत.

वन्सं पाणी न पिताच मागे फिरल्या. जन्मभर त्यांनी नाटकं बघितली होती. त्यातलं एकही बघणारं कुणी नसताना चाललेलं नव्हतं.

संध्याकाळी भाऊ घरी येताच त्यांनी जाहीर केलं, "माझा तपास संपला. ही खरी आहे आणि मी गाढव आहे. दोन्ही गोष्टी पक्क्या."

नवऱ्याला जोर चढला. "मग रिपोर्ट टाकून देऊ या नेटवर! तोंडं बंद होतील सगळ्यांची."

"त्या खाटेवाल्या पोरीचे रिपोर्ट हिच्यापेक्षा देखणे होते," वन्सं म्हणाल्या. "कागद काय, छापला की झाला."

मैनाचा आवाज त्या वेळेला जड झाला होता. ती सावकाश म्हणाली, "आणि माझ्या अंगात काय चालतं, त्याचे कागद मी बाजारात का मांडू? मला बघायचं असेल, तर मला बघा."

वन्संनी चष्मा लावला आणि पितळवाल्याचा नंबर शोधायला घेतला.

फोनवर पितळवाला अगदी सभ्य निघाला. त्या फर्निचरवाल्या मुलीच्या रडण्याला त्याची स्वतःची आई भुलली होती. तेव्हापासून हे पेज.

"तुझं काम मला आवडतं रे," वन्सं म्हणाल्या. "पण तुझा तपास अर्धा आहे. माणूस न बघता मी उभ्या जन्मात एक दावा फेटाळला नाही. ये आणि बघ."

मग तो म्हणाला, "येतो. पण सगळं लाइव्ह. तिने आवाज द्यायचं दृश्य मी आणणार, तिने आधी न पाहिलेलं."

मैनाने मान डोलावली आणि फोन हातात घेतला. "माझीही एक अट. मी सांगेपर्यंत कॅमेरा बंद करायचा नाही."

साऊंडवाल्याने सकाळी स्टुडिओ मोकळा ठेवला. ती खोली मैनाच्या ओळखीची होती. भिंतींना जाड गाद्या, मध्ये माइक, समोर पडदा आणि काचेपलीकडे बटणांची फळी. तिने हेडफोन कानावर चढवले, काढले आणि पुन्हा चढवले. साऊंडवाला काचेआडून म्हणाला, "मैनाबाई, तुमच्यावाचून ही खोली नुसती गोदाम झाली होती." तेवढ्याने ती सावरली.

पितळवाला तिशी ओलांडलेला, चापून भांग पाडलेला माणूस होता. त्याने फोन स्टँडवर लावला, लाइव्ह सुरू केलं आणि आणलेलं दृश्य पडद्यावर सोडलं. कुठल्याशा अनोळखी भाषेतलं कार्टून होतं. खुराड्यात एक कोंबडी, तिची तीन पिल्लं आणि दाराशी आलेला म्हातारा कोल्हा. त्या आणि पुढच्या दृश्यांतल्या संवादांचा अर्थ त्याने एका कागदावर लिहून आणला होता. मैनाने दृश्य एकदा बघितलं, कागदावरून नजर फिरवली आणि म्हणाली, "घ्या."

मग त्या खोलीत पाचजण बोलायला लागले. कोल्हा खर्जात, मधाचं बोट लावत, कोंबडी फणकाऱ्याने, थोरलं पिल्लू शहाणं, मधलं रडवं आणि धाकटं बोबडं. पडद्यावरच्या चोची आणि मैनाचे शब्द असे जुळत होते की पितळवाला पडदा सोडून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. एकाच तोंडातून कोल्ह्याचं वाक्य संपायच्या आत पिल्लू किंचाळलं, तेव्हा वन्सं न राहवून मोठ्याने हसल्या आणि साऊंडवाल्याने ओठांवर बोट ठेवलं.

कमेंटचा पाऊस पडायला लागला. कुणीतरी लिहिलं, 'ही आमच्या लिफ्टमधली बाई आहे! शपथ!' दुसऱ्याने लिहिलं, 'म्हणायला लावा.'

"म्हणाल का?" पितळवाल्याने विचारलं.

मैनाने घसा साफ केला. "दरवाजा बंद होत आहे. कृपया दरवाजापासून दूर उभे राहा."

मग तर झुंबडच उडाली. जो तो आपली इमारत सांगायला लागला. एकाने लिहिलं, 'या बाईशी मी रोज भांडतो.' एका मुलीने लिहिलं, 'तो हिरवा बेडूक तुम्हीच का? मी लहानपणी त्याच्याशी लग्न करणार होते.'

पितळवाल्याने कॅमेऱ्यात बघून मोकळेपणाने सांगितलं, "अभिनयाचं मी चुकीचं बोललो. बाई अभिनेत्री आहेत, आणि कसल्या!"

पण लोकच ते. एक कमेंट वर आली, मग तशाच दहा. 'इतकं खणखणीत बोलते, मग आजारी कसली?' 'अभिनेत्री आहे म्हणूनच आजाराचं नाटक जमतं!' पितळवाल्याने त्या वाचून दाखवल्या आणि खाली बघितलं. मैना कलाकार नाही म्हणून आजार खोटा होता, आता ती कलाकार आहे म्हणूनही आजार खोटाच.

"बघितलंस?" वन्सं चिडून म्हणाल्या. "चित भी मेरी, पट भी मेरी! चल, घरी चल."

"नाही," मैना म्हणाली. "पुढचं दृश्य लावा."

"पुरे झालं, अगं."

"वन्सं, आजवर मी लोकांना फक्त सकाळच दाखवली. दुपार लपवून ठेवली. त्यांना कसं कळणार?" ती साऊंडवाल्याकडे वळली. "लावा."

तिने पुन्हा सुरू केलं. एक दृश्य झालं, दुसरं झालं. आधी धाकटं पिल्लू गेलं, त्याचा बारीक आवाज वर चढेना. मग कोंबडीच्या फणकाऱ्यातली धार गेली. शब्द नाकातून यायला लागले, 'पिल्लू'चं 'मिल्लू' झालं. डावी पापणी बुबुळावर उतरली. मान पुढे कलली, तेव्हा तिने हनुवटीखाली मूठ ठेवली आणि कोल्ह्याचं वाक्य तसंच पुरं केलं. कमेंट अजून येत होत्या. 'वा, काय ॲक्टिंग!'

मैनाने पाण्याचा पेला उचलला आणि एक घोट घेतला. तो घशाखाली उतरलाच नाही, नाकातून बाहेर आला. ओठांवरून, हनुवटीवरून, शर्टावर. ती खोकली, डोळे लाल झाले.

वन्सं धावल्या आणि तिला पुढे वाकवून पाठीवर हात फिरवायला लागल्या. पितळवाल्याचा हात आपोआप फोनकडे गेला. त्याला हे पुढे दाखवायचं नव्हतं. मैनाने त्याचं मनगट पकडलं आणि नाही म्हणून मान हलवली. मग तिने रुमालाने तोंड पुसलं आणि त्याचा उतरलेला चेहरा बघून, त्याला धीर द्यावा म्हणून, हसली. ओठांचे कोपरे जागेवरच राहिले. ओठाचा मधलाच भाग वर उचलला गेला.

ज्या हसण्याला त्याने पडदाभर मोठं करून कुचेष्टा म्हटलं होतं, ते आता त्याच्या हातभर अंतरावर होतं आणि त्यात कुचेष्टा अजिबात नव्हती.

"मला..." तो बोलायला लागला.

मैनाने बोटाने खूण केली, थांबा. तिने हेडफोन काढले, टेबलावर हातांची घडी घातली आणि त्यावर डोकं टेकून डोळे मिटले.

लाइव्ह चालूच राहिलं. पडद्यावर कोल्हा पाय उचलून थिजला होता. एक बाई टेबलावर डोकं ठेवून पडली होती आणि हजारो माणसं ते बघत होती. कुणी बंद करून गेलं नाही. कमेंट हळूहळू थांबल्या. मग एक आली, पापणीची विचारपूस करणाऱ्या जुन्या माणसाची. 'माझंही असंच होतं. मी थांबतो.' त्याखाली दुसरी, 'मीही थांबते.' मग तेच. थांबतो, थांबते, थांबलोय. पितळवाला एकेक कमेंट मोठ्याने वाचत होता. नवरा दुकानात काचा घासायच्या सोडून फोनपुढे बसला होता, आणि त्याच्यामागे गिऱ्हाइकंही नवे चष्मे लावून बघत उभी होती.

मैनाने डोकं वर केलं. पापणी पुरती नाही, पण बरीचशी चढली होती. तिने हेडफोन लावले, माइकपुढे उभी राहिली आणि साऊंडवाल्याला अंगठा दाखवला.

शेवटचा संवाद कोंबडीचा होता. कोल्हा दारातून परत फिरतो, तेव्हाचा. मैनाने तो एका दमात, खणखणीत, अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असा टाकला:

"माझी पिल्लं आत आहेत आणि मी दारात आहे! जा आता!"

चोच आणि शब्द एकाच वेळी मिटले. साऊंडवाल्याने दोन्ही हात वर केले. काचेपलीकडून त्याचं ओरडणं ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. वन्सं टाळ्या वाजवत होत्या आणि रडत होत्या. आपण रडतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पितळवाल्याने फोन स्वतःकडे वळवला. "माझा तपास अर्धा होता," तो म्हणाला. "आज मी तो पुरा केला. या बाई खऱ्या आहेत. आजारही आणि कलाही. मी चुकलो, त्यांची माफी मागतो. ज्यांनी माझं ऐकून शिव्या दिल्या, त्यांनीही मागावी." मग मैनाकडे वळून त्याने विचारलं, "आता बंद करू?"

"करा," मैना म्हणाली. "भूक लागलीय."

घरी पोचेपर्यंत तिचा आवाज पार गेला होता. ती सोफ्यावर आडवी झाली. तेवढ्यात फोन वाजला. तिला पूर्वी काम देणाऱ्या कार्टूनवाल्या कंपनीचा निर्माता होता. वन्संनी फोन उचलला.

"बाईंना द्या जरा."

"बाईंचा आवाज संपलाय. मी नणंद बोलते."

"संध्याकाळच्या रेकॉर्डिंगचं एक मोठं काम—"

मैनाने सोफ्यावरूनच जोरजोरात हात हलवला.

"सकाळी," वन्सं म्हणाल्या.

"अहो, पण बाकीचे कलाकार सकाळी—"

"त्यांना उठायला सांगा."

"बरं, सकाळी. चिमणीचा छोटासा रोल आहे, झेपेल त्यांना."

मैना ताडकन उठून बसली. तिने दोन्ही हातांचे पंजे केले आणि दात दाखवले. वन्संनी कपाळाला आठी घालून तिच्याकडे बघितलं, मग त्यांना समजलं. "लांडगा आहे का हो त्यात कुणी?"

"लांडगीण आहे. पण ती मुख्य भूमिका आहे. रोज यावं लागेल. त्यांना जमेल का, म्हणजे तब्येतीचं..."

वन्सं उत्तर देणार तेवढ्यात मैनाने हात पुढे करून फोन मागून घेतला. शब्द एकही उरला नव्हता, पण गुरगुरायला जीभ-ओठ लागत नाहीत. तिने श्वास भरून घेतला आणि पोटातून, थेट तळातून, एक गुरगुर काढली. आधी बारीक, मग चढत जाणारी, शेवटी खिडकीच्या काचा थरथरतील अशी. नवरा नुकताच दारातून आत येत होता, तो दचकून बाहेर गेला.

"सोमवारी सकाळी या," निर्माता म्हणाला.

सोमवारी बाकीचे कलाकार जांभया देत, कॉफीचे पेले हातात धरून आले, तेव्हा मैना सगळ्यांच्या आधी येऊन माइकपुढे उभी होती.